क्रूझसाठी प्रवास विमा नेमका कधी घ्यायचा?

क्रूझचं बुकिंग आणि तिचा विमा ही कामं बहुतेक लोक वेगवेगळ्या महिन्यांत उरकतात. मनाजोगती केबिन हातची जाईल या धास्तीने बुकिंग आठ-दहा महिने आधी होतं. विमा आठवतो तो बॅगा भरायच्या आठवड्यात. फक्त दवाखान्याच्या खर्चासाठी विमा हवा असेल, तर एवढ्या उशिरानेही फारसं बिघडत नाही. पण क्रूझच्या विम्याचं मोठं काम जहाजावर पाय ठेवण्याआधीच सुरू झालेलं असतं. प्रवास रद्द करावा लागला तर अडकलेले पैसे त्यातूनच सुटतात. शेवटच्या आठवड्यात घेतलेल्या पॉलिसीत हा भाग जेमतेम काही दिवस वापरता येतो, आणि प्रीमियम मात्र पुरा भरावा लागतो.

म्हणून आधी सरळ उत्तर. परत न मिळणारी पहिली रक्कम ज्या दिवशी भरली, तिथून दहा दिवसांच्या आत पॉलिसी घ्या. डिपॉझिट पूर्ण परत मिळणारं असेल, विमानाची तिकिटं अजून काढलेली नसतील आणि घरात कुणाचं औषधपाणी चालू नसेल, तर बाकी रक्कम भरण्याच्या तारखेपर्यंत थांबता येतं. ती तारीख उलटल्यावर थांबण्यात काहीच हशील नाही.

आधी रद्दीकरणाचा तक्ता काढा

बुकिंगची पावती उघडा आणि तीन गोष्टी शोधा: डिपॉझिट किती आणि ते परत मिळतं का, बाकी रक्कम भरण्याची शेवटची तारीख कोणती, आणि रद्द केल्यास किती दिवस आधी किती टक्के कापले जातात. पावतीत तक्ता नसेल तर तो प्रवास कराराच्या अटींमध्ये असतो. एजंटामार्फत बुकिंग असेल तर एजंटाचं स्वतःचं रद्दीकरण शुल्कही वेगळं विचारा. ते जहाज कंपनीच्या तक्त्यात दिसत नाही.

बाकी रक्कम भरण्याची मुदत साधारणपणे जहाज सुटण्याच्या ७५ ते ९० दिवस आधी संपते. लांब पल्ल्याच्या आणि आलिशान जहाजांवर ती १२० ते १५० दिवसांपर्यंत मागे जाते. त्या तारखेपासून कपात पायरीपायरीने चढत जाते. प्रत्येक कंपनीचे आकडे वेगळे असतात, पण नमुन्यादाखल एक हिशेब मांडू. १० फेब्रुवारीला बुकिंग केलं, भाड्याच्या २० टक्के डिपॉझिट भरलं आणि जहाज २० नोव्हेंबरला सुटणार आहे. कंपनीची मुदत ९० दिवसांची आहे, म्हणजे बाकी रक्कम २२ ऑगस्टपर्यंत भरायची. मग चित्र असं दिसेल:

२२ ऑगस्ट ते २० सप्टेंबर (९० ते ६१ दिवस आधी): २५ टक्के कपात
२१ सप्टेंबर ते २० ऑक्टोबर (६० ते ३१ दिवस): ५० टक्के
२१ ऑक्टोबर ते ५ नोव्हेंबर (३० ते १५ दिवस): ७५ टक्के
६ नोव्हेंबरपासून पुढे (१४ दिवस आणि कमी): सगळी रक्कम गेली

आता याच तक्त्यावर विम्याची तारीख ठेवून बघा. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पॉलिसी घेणाऱ्याने ऑगस्टपासूनचे जवळजवळ अडीच महिने उघड्यावर काढले. त्यात सप्टेंबरच्या अखेरीस पाय मोडला असता तर निम्मं भाडं गेलं असतं. डिपॉझिट परत न मिळणारं असेल तर ते फेब्रुवारीपासूनच पणाला लागलेलं आहे. स्वस्तात मिळणारी 'विनापरतावा' भाडी नेमकी अशीच असतात: भाडं कमी, पण डिपॉझिटवर पहिल्या दिवसापासून पाणी.

तक्त्यात न दिसणारी आणखी एक खोच आहे. काही सवलती पहिली रक्कम भरल्यापासून ठरावीक दिवसांत, बहुधा १४ ते २१, पॉलिसी घेतली तरच मिळतात. या वेळेशी बांधलेल्या सवलतींची मुदत मोजताना विमा कंपन्या 'प्रवासासाठी भरलेली पहिली रक्कम' धरतात आणि ती क्रूझचीच असेल असं नाही. जानेवारीत स्वस्त मिळाली म्हणून विमानाची तिकिटं काढली आणि क्रूझचं डिपॉझिट फेब्रुवारीत भरलं, तर घड्याळ जानेवारीतच सुरू झालं. क्लेमच्या वेळी पावत्या मागतात तेव्हा ही तारीख उघडी पडते आणि चौदा दिवसांची मुदत हुकलेली निघते. तेव्हा सगळ्या पावत्या तारखेप्रमाणे लावून सर्वांत जुनी कोणती ते आधी बघा.

लवकर घेतला तर महाग पडतो का?

सहसा नाही. एका प्रवासाच्या पॉलिसीचा प्रीमियम प्रवाशाचं वय, प्रवासाचे दिवस, कुठे जाणार आणि किती रकमेचा विमा यावर ठरतो. पॉलिसी किती महिने आधी घेतली याचा त्यात बहुधा हिशेबच नसतो. रद्दीकरणाचं संरक्षण साधारणपणे पैसे भरल्याच्या दुसऱ्या दिवसापासून लागू होतं, वैद्यकीय आणि सामानाचं संरक्षण प्रवास सुरू झाल्यावर. म्हणजे फेब्रुवारीत घेतली काय आणि नोव्हेंबरमध्ये घेतली काय, पैसे तेवढेच. फरक इतकाच की फेब्रुवारीवाल्याला नऊ महिन्यांचं संरक्षण जादा मिळालं.

वार्षिक पॉलिसीत मात्र एक फसगत होते. सुरुवातीची तारीख प्रवासाच्या आसपास ठेवली की वर्ष पुरेपूर वापरलं जाईल असं वाटतं. पण रद्दीकरणाचं संरक्षण त्या तारखेच्या आधी नसतंच, त्यामुळे बुकिंगपासून तिथपर्यंतचा काळ कोराच राहतो. वार्षिक पॉलिसी घ्यायची तर ती बुकिंगच्या दिवसापासून सुरू करा, आणि ती क्रूझच्या आधी किंवा मध्येच संपत असेल तर वेळेत नूतनीकरण करा. एका प्रवासाला किती दिवसांची मर्यादा आहे (३० किंवा ४५ दिवस असे आकडे दिसतात) आणि क्रूझ मुळात धरली आहे का, हेही तपासा. काही पॉलिसींमध्ये क्रूझसाठी वेगळं जादा कलम विकत घ्यावं लागतं.

अजून सगळे पैसे भरलेच नाहीत, मग विमा किती रकमेचा घ्यायचा? बऱ्याच ठिकाणी दोन्ही वाटा मोकळ्या असतात. एक तर संपूर्ण अपेक्षित खर्चाचा विमा आत्ताच घ्यायचा. किंवा आज जेवढी रक्कम अडकली आहे तेवढ्याच डिपॉझिटचा घ्यायचा आणि पुढचा प्रत्येक भरणा झाला की विमा कंपनीला कळवून रक्कम वाढवायची. दुसरी वाट सुरुवातीला स्वस्त आहे आणि लवकर घेतल्याच्या सवलतीही हातात राहतात. पण त्यात शिस्त लागते. वाढीव रक्कम कळवायलाही प्रत्येक भरण्यापासून ठरावीक दिवसांचीच मुदत असते. ऑगस्टमध्ये ८० टक्के भरले आणि कळवायचं राहिलं, तर क्लेम फक्त मूळ डिपॉझिटपुरता मंजूर होतो आणि आजाराबद्दलची सूट (तिच्याविषयी पुढे) रद्द होऊ शकते ती वेगळीच. विसराळू माणसाने पहिल्याच दिवशी पूर्ण रकमेचा घेतलेला बरा.

रक्कम ठरवताना फक्त बुडणारे पैसे धरा. बंदर शुल्क आणि सरकारी कर प्रवासी न गेल्यास साधारणपणे परत मिळतात, ते वजा करा. ऐनवेळी फुकट रद्द करता येणारं हॉटेल वगळा. आधीच पैसे भरलेल्या किनाऱ्यावरच्या सहली, पेयांचं पॅकेज, विमानाची तिकिटं, व्हिसाचं शुल्क यांतलं परत न मिळणारं सगळं घाला. हा हिशेब माणशी करायचा असतो, केबिनवारी नाही.

आधीपासूनचे आजार

तारखेवरून बरेच क्लेम इथे अडतात, म्हणून जरा सावकाश वाचा.

बऱ्याच पॉलिसींमध्ये मागे वळून बघण्याचा एक काळ ठरलेला असतो, साधारण ६० ते १८० दिवसांचा. पॉलिसी घेतली त्या दिवसापासून मागे तेवढ्या काळात एखादा आजार नव्याने दिसला, त्यावर उपचार झाले, नवी तपासणी सांगितली गेली किंवा औषध बदललं, तर तो 'आधीपासूनचा आजार' ठरतो आणि त्यामुळे प्रवास रद्द झाला तर पैसे मिळत नाहीत. वर्षानुवर्षं एकाच गोळीवर असलेला रक्तदाब या व्याख्येत सहसा 'स्थिर' मानला जातो. पण तीच गोळी दोन महिन्यांपूर्वी ५ मिलिग्रॅमवरून १० वर गेली असेल तर तो स्थिर राहत नाही. डोस कमी केला तरी अनेक ठिकाणी तो बदलच धरतात, हे पुष्कळांना पटत नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेली आणि अजून न केलेली तपासणीसुद्धा क्लेमच्या आड येते.

यावरचा उपाय वेळेत आहे. काही देशांच्या बाजारात पहिली रक्कम भरल्यापासून १४ ते २१ दिवसांच्या आत पॉलिसी घेतली तर हे कलम माफ होतं. अटी दोन-तीनच असतात: परत न मिळणाऱ्या पूर्ण रकमेचा विमा हवा, आणि पॉलिसी घेताना माणूस प्रवास करण्याजोगा असायला हवा. दाखल असलेल्या रुग्णाच्या नावाने रुग्णालयातून पॉलिसी घेतली तर ही सूट मिळणार नाही. पंधराव्या किंवा बाविसाव्या दिवशी घेतली, तर पॉलिसी मिळेल, सूट मिळणार नाही. ती नंतर जादा पैसे देऊनही विकत घेता येत नाही.

काही बाजारांत पद्धत वेगळी आहे. तिथे प्रत्येक आजार आधी जाहीर करायचा, प्रश्नावली भरायची आणि लागेल तो जादा प्रीमियम द्यायचा. अशा ठिकाणी दिवसांची घाई कमी, पण लवकर घेण्याचं दुसरं कारण आहे: आज तब्येत चांगली असताना मिळणारी पॉलिसी सहा महिन्यांनी नव्या निदानानंतर मिळेलच असं नाही. पॉलिसी घेतल्यावर तब्येतीत बदल झाला तर तो कळवण्याचं बंधनही अशा करारांत बहुधा असतं. न कळवता गेलात तर वैद्यकीय क्लेमही धोक्यात येतो.

प्रवासाला न येणाऱ्या माणसांचा विचार कुणी करत नाही. घरी राहणाऱ्या वडिलांना हृदयविकाराचा झटका आला म्हणून क्रूझ रद्द केली, तर बऱ्याच पॉलिसींमध्ये वडिलांचा जुना हृदयविकारही त्याच मागे वळून बघण्याच्या काळातून जातो. घरात वयस्कर, आजारी माणूस असेल आणि त्याच्यासाठी सगळं सोडून परतावं लागेल अशी शक्यता असेल, तर स्वतः ठणठणीत असलात तरी दहा दिवसांची मुदत पाळा.

गरोदरपणाचाही हिशेब आधी करा. बहुतेक क्रूझ कंपन्या प्रवासाच्या कुठल्याही दिवशी २४ वा आठवडा लागत असेल तर जहाजावर घेत नाहीत, आणि कंपनीने नाकारलं म्हणून विमा आपोआप पैसे देत नाही. पॉलिसी घेतल्यानंतर गर्भधारणा झाली तर रद्दीकरण मान्य होतं का, हे कलम काही पॉलिसींत असतं, काहींत नसतं. दहा-बारा महिने आधी बुकिंग करणाऱ्या जोडप्याने ते शोधून वाचावं.

बातमी आली की दार बंद

विमा अनपेक्षित गोष्टींसाठी असतो. घटना जाहीर झाली की ती 'ज्ञात' ठरते आणि त्यानंतर घेतलेल्या पॉलिसीत तिच्यामुळे झालेलं नुकसान बसत नाही. वादळाच्या बाबतीत ही रेघ फार स्पष्ट असते: वादळाला नाव मिळालं तो दिवस. अटलांटिकमध्ये वाऱ्याचा वेग ताशी ६३ किलोमीटरला पोचला की वादळाला नाव देतात. तेव्हा ते किनाऱ्यापासून शेकडो मैल दूर असू शकतं आणि तुमचं जहाज सुटायला दहा दिवस असू शकतात. तरीही त्या वादळापुरतं दार बंद झालेलं असतं. संपाची नोटीस निघाली किंवा ज्वालामुखीच्या राखेने विमानं थांबली तरी हाच न्याय. जानेवारी २०२० च्या अखेरीस अनेक विमा कंपन्यांनी कोविडला ज्ञात घटना ठरवलं. त्यानंतर घाईने पॉलिसी घेणाऱ्यांना रद्दीकरणासाठी तिचा काही उपयोग झाला नाही. तहान लागल्यावर विहीर खणण्याची सोय या धंद्यात नाही.

कॅरिबियनच्या क्रूझसाठी लक्षात ठेवण्याचा काळ १ जून ते ३० नोव्हेंबर, त्यातही ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा. बंगालच्या उपसागरात वादळांचा जोर मान्सूनच्या आधी आणि नंतर असतो. मात्र वादळात विम्याकडून काय मिळतं याबद्दल गैरसमज फार. वादळ आलं म्हणून क्रूझ रद्द होणं विरळा. जहाज वाट बदलतं, एखादं बंदर गाळतं, दुसऱ्याच बेटांकडे जातं. प्रवास करारात कंपनीला तो अधिकार असतो. तुम्हाला गाळलेल्या बंदराचं शुल्क परत मिळतं आणि विम्यात 'बंदर चुकल्याची भरपाई' हे कलम असेल तर दर बंदरामागे एक ठरलेली छोटी रक्कम. 'ज्या बेटासाठी गेलो ते दिसलंच नाही' हे रद्द करण्याचं मान्य कारण नाही. खरा फटका बसतो तो विमान रद्द झाल्यामुळे किंवा जहाज सुटण्याचं बंदरच बंद पडल्यामुळे, आणि विमा घ्यायचा तो तिथे उपयोगी पडेल असा.

युद्ध आणि सरकारी सूचनांचं कलम वेगळं वाचा. युद्ध बहुतेक पॉलिसींत सरळ वगळलेलं असतं. तुमच्या सरकारने 'तिथे जाऊ नका' अशी सूचना काढलेल्या देशात जहाज थांबत असेल, तर तेवढ्या भागापुरतं संरक्षण उरत नाही. बुकिंगनंतर अशी सूचना आली तर काय होईल, हे पॉलिसी घेण्याआधी विचारून लेखी उत्तर घ्या.

जहाज कंपनीच बुडाली तर

ही निव्वळ कल्पना नाही. ब्रिटनची क्रूझ अँड मेरिटाइम व्हॉयेजेस जुलै २०२० मध्ये बंद पडली, क्रिस्टल क्रूझेसने जानेवारी २०२२ मध्ये कामकाज थांबवलं, अमेरिकेतली अमेरिकन क्वीन व्हॉयेजेस फेब्रुवारी २०२४ मध्ये मिटली. कंपनी दिवाळखोरीत गेल्यास भरपाई देणारं कलम असतं, पण त्यालाही वेळेची दुहेरी कात्री आहे. ते सहसा पहिली रक्कम भरल्यापासून ठरावीक दिवसांत घेतलं तरच मिळतं आणि घेतल्यावरही सुरुवातीचे ७ ते १४ दिवस लागू होत नाही. शिवाय डळमळीत कंपन्यांची वगळलेली यादी विमा कंपन्या ठेवतात. पॉलिसी घेण्याच्या दिवशीची यादी बघा आणि तिचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. आणि एवढं उघड आहे की जहाज कंपनीकडूनच घेतलेली योजना त्या कंपनीच्या बुडण्याविरुद्ध सहसा कामाची नाही.

'कुठल्याही कारणाने रद्द' हे कलम

साध्या पॉलिसीत मान्य कारणांची यादी असते: आजार, अपघात, मृत्यू, घराला आग, काही ठिकाणी नोकरी जाणं. भीती वाटली, मन बदललं, मित्रांनी बेत मोडला, सुट्टी नाकारली गेली ही कारणं तिच्यात बसत नाहीत. त्यांच्यासाठी काही बाजारांत हे जादा कलम मिळतं. ते पहिल्या रकमेपासून १४ ते २१ दिवसांतच घ्यावं लागतं, अडकणाऱ्या पूर्ण रकमेचा विमा लागतो, प्रवासाच्या किमान ४८ तास आधी रद्द करावं लागतं आणि परत मिळतात ते ५० ते ७५ टक्के. प्रीमियम बराच चढतो. हे कलम सरसकट घेण्यासारखं नाही. ज्यांचं जाणं परीक्षेच्या निकालावर, बदलीच्या आदेशावर किंवा कोर्टाच्या तारखेवर अवलंबून आहे त्यांनी घ्यावं, आणि तेही रद्दीकरणाचा तक्ता शेजारी ठेवून. कंपनी स्वतःच ५० टक्के परत देत असेल त्या टप्प्यावर रद्द करण्याची तयारी असेल, तर या कलमाचे पैसे उगाच जातात.

जहाज कंपनीची योजना की बाहेरची पॉलिसी

बुकिंगच्या पानावर एका टिचकीत मिळणारी कंपनीची योजना बहुधा बाकी रक्कम भरेपर्यंत कधीही जोडता येते. म्हणून तिची घाई नाही. ज्यांचा बाहेरच्या पॉलिसीचा चौदा दिवसांचा काळ हुकला त्यांनी ती पुन्हा एकदा बघावी. प्रीमियम वयावर नव्हे तर भाड्यावर ठरत असेल तर सत्तरी ओलांडलेल्यांना ती स्वस्तही पडू शकते. उणिवा मात्र ठरलेल्या: कंपनीकडून न घेतलेलं विमान आणि हॉटेल त्यात नसतं, वैद्यकीय मर्यादा कमी असते, आणि यादीबाहेरच्या कारणाने रद्द केल्यास रोख पैशांऐवजी पुढच्या क्रूझसाठी क्रेडिट मिळतं. ते क्रेडिट स्वीकारण्याआधी विमा कंपनीला विचारा, कारण क्रेडिट घेतलं की 'नुकसान झालंच नाही' असं म्हणून क्लेम नाकारला जाऊ शकतो.

क्रेडिट कार्डासोबत येणारा विमा असेल तर तो भाडं त्याच कार्डाने भरलं तरच लागू होतो. म्हणजे त्याचा निर्णय डिपॉझिट भरण्याच्या क्षणीच होऊन जातो. त्यात वैद्यकीय भाग किती आहे ते नक्की बघा. अनेकदा तो नसतोच.

तब्येतीचा आणि बोटीवरच्या दवाखान्याचा भाग

हा भाग शेवटच्या दिवशीही घेता येतो, पण न घेता जाऊ नका. जहाजावर डॉक्टर असतो, जखमा शिवणं, सलाईन, एक्स-रे अशा सोयी असतात, मोठी शस्त्रक्रिया नसते. बिल तुमच्या केबिनच्या खात्यावर चढतं आणि उतरण्याआधी भरावं लागतं. विम्याचे पैसे नंतर मिळतात. घरचा आरोग्य विमा जहाजावर आणि परदेशी बंदरात बहुधा चालत नाही. सर्वांत मोठा खर्च असतो रुग्णाला जहाजावरून किनाऱ्यावर आणि तिथून योग्य रुग्णालयात हलवण्याचा, त्यामुळे 'वैद्यकीय स्थलांतर' या ओळीची रक्कम वैद्यकीय खर्चाच्या ओळीइतकीच काळजीने वाचा. अंटार्क्टिकासारख्या दुर्गम मोहिमांवर बहुतेक आयोजक ठरावीक रकमेचं स्थलांतर संरक्षण बंधनकारक करतात आणि त्याचा पुरावा प्रवासाच्या कितीतरी आधी मागतात. तिथे तारीख तेच ठरवतात.

व्हिसाही कधीकधी तारीख ठरवतो. भूमध्य समुद्रातल्या क्रूझसाठी शेंगेन व्हिसा (युरोपातल्या अनेक देशांसाठीचा एकच व्हिसा) लागत असेल तर अर्जासोबतच किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण दाखवावं लागतं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. जहाज मध्येच शेंगेनबाहेरच्या बंदरावर जाऊन परतणार असेल तर अनेक वेळा प्रवेशाचा व्हिसा मागा आणि पॉलिसीच्या तारखा जहाजात चढण्यापासून नव्हे, घरातून निघण्यापासून घरी पोचेपर्यंतच्या ठेवा. व्हिसा नाकारला म्हणून क्रूझ रद्द झाली तर साध्या पॉलिसीत भरपाई सहसा नसते. पासपोर्टची मुदत अपुरी म्हणून बंदरावर अडवलं गेलं तर मुळीच नाही.

जहाज चुकण्याचं कलम पॉलिसी घेतानाच तपासा. विमानाला किती तास उशीर झाला तर ते लागू होतं, ३ की ६? चेक-इन साधारणपणे जहाज सुटण्याच्या ६० ते ९० मिनिटं आधी बंद होतं. चार तास उशीर झाला आणि पॉलिसी सहा तास मागत असेल तर जहाजही गेलं आणि क्लेमही. विमा असला तरी बंदराच्या गावी आदल्या दिवशी पोचणं हाच पक्का बंदोबस्त.

एका केबिनमध्ये दोघं असतील तर दोघांच्याही नावाने पॉलिसी हवी. एकजण आजारी पडून घरी राहिला तर दुसऱ्याला 'एकट्या प्रवाशाचा जादा आकार' पडतो, कधी जवळपास दुप्पट भाड्याइतका. तो भरून देणारं कलम जाणाऱ्या माणसाच्या पॉलिसीत असावं लागतं.

पॉलिसी हातात आल्यावर, आणि उशीर झालाच असेल तर

बऱ्याच ठिकाणी पॉलिसी परत करून पूर्ण प्रीमियम घेण्यासाठी १० ते १५ दिवस मिळतात, फक्त तोवर प्रवास सुरू झालेला नसावा आणि क्लेम केलेला नसावा. याचा उपयोग असा करा: डिपॉझिट भरल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पॉलिसी घ्या आणि पूर्ण मसुदा त्याच आठवड्यात वाचा. मनासारखी नसेल तर पहिल्या रकमेपासूनचे चौदा दिवस संपण्याआधी ती परत करून दुसरी घेता येते. ते चौदा दिवस उलटल्यावर परत केली तर नवी पॉलिसी मिळेल, सवलती नाहीत.

मुदत हुकली असेल तर निराश होऊन विमा सोडू नका. आजारांची माफी, कुठल्याही कारणाने रद्द आणि दिवाळखोरी ही तीन कलमं बहुधा गेली असं धरा. नवा आजार, अपघात, वैद्यकीय खर्च, स्थलांतर, सामान, विमानाचा उशीर हे सगळं अजून मिळतं. मागे वळून बघण्याचा काळ सर्वांत छोटा असलेली पॉलिसी निवडा: १८० ऐवजी ६० दिवसांची असेल तर जूनमध्ये बदललेलं औषध ऑक्टोबरच्या पॉलिसीत आड येत नाही. निघाल्यावर मात्र बहुतेक कंपन्या पॉलिसी देत नाहीत, आणि ज्या देतात त्यांच्याकडे सुरुवातीचे काही दिवस क्लेम करता येत नाही.

क्रूझ कंपनीने तारीख पुढे ढकलली किंवा तुम्ही दुसऱ्या जहाजावर बुकिंग हलवलं, तर पॉलिसी आपोआप हलत नाही. त्याच दिवशी विमा कंपनीला नव्या तारखा, नवी रक्कम आणि नवा बुकिंग क्रमांक कळवा. मूळ पहिली रक्कम भरल्याची तारीख कायम धरली जाईल ना, हे ईमेलवर लिहून मागा आणि ते उत्तर पॉलिसीच्या कागदांसोबत ठेवा.